माळ्यावरची शेवंड

चौक,
रविवार, २७ जुलै २०२५

ती. चंद्रभागा आत्या,

नमस्कार. आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की सासूबाईंनी माझी चित्रं भिंतीवरून काढून फेकली. ते चूक आहे. मी रडत लिहीत होते आणि तुझं शिकवणं विसरले. शाळेत नाव घालायच्या आधीच तुझ्या ओट्यावर बसून मी शिकले होते की पत्रात खोटं गेलं तर पुढच्या पत्राची पहिली ओळ त्याच्या दुरुस्तीची. तर चित्रं फेकलेली नाहीत. जुन्या लुगड्यात नीट गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत, मासळीच्या भांड्यांशेजारी. हा फरक मोठा आहे, कारण फेकली असती तर मला भांडता आलं असतं.

झालं असं. दिव्याच्या अवसेला संध्याकाळी सासूबाईंनी मासळीचा तवा, कोळंबीचं पातेलं आणि मासे कापायची विळी राखेनं घासली, उन्हाचा पत्ता नव्हता म्हणून गॅसवर धरून सुकवली आणि माळ्यावर चढवली. श्रावणात ती भांडी खाली दिसायची नाहीत, हे मला माहीत होतं. मीच शिडी धरली होती. मग त्या खाली उतरल्या, पदर खोचला आणि तडक वरच्या मजल्यावर गेल्या. मला वाटलं, गच्चीचं दार लावायला गेल्या असतील. परत आल्या तेव्हा हातात माझी शेवंड होती, काखेत बांगडे.

मी म्हटलं, "आई, ही चित्रं आहेत."

"माशाचं ते माशाचं," त्या म्हणाल्या. "भांडं असूं दे नायतर फोटू. शिडी धर."

आणि मी धरली, आत्या. दहाच्या दहा चित्रं वर जाईपर्यंत धरून उभी राहिले.

तुला ठाऊक आहे, ही चित्रं मी शिळफाट्याच्या रद्दीवाल्याकडे शोधली होती. खंडाळ्याच्या कुठल्याशा जुन्या बंगल्याच्या सामानात आलेलं इंग्रजी पुस्तक, पाठ फाटलेली, पण आतली रंगीत पानं जाड आणि शाबूत. समुद्रातले प्राणी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी जिवंत समोर ठेवून काढावेत असे. शेवंडीच्या (पुस्तकात 'लॉब्स्टर') मिशीचा प्रत्येक सांधा दिसतो. पुस्तकाची पानं सुटी करताना, पुस्तक आधीच सुटलेलं होतं, हे मी स्वतःला तीनदा सांगितलं.

आता मुख्य काळजी. वरचा मजला पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं अजून पक्कं नाही. माझ्या चुलत दिराला, हरेशला, तिथं टायर ठेवायला जागा हवी आहे. त्याचं गॅरेज हायवेला आहे आणि पावसात टायर भिजतात. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला एक संधी दिली आहे. १५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत दोन खोल्यांत पाहुणे राहून खूश होऊन गेले, तर मजला पाहुण्यांचा. नाहीतर टायरांचा. अट एकच: "अनोळखी माणसं पायजेत. ओळखीतली तोंडावर चांगलंच बोलतात." एका बाईंनी ठाण्याहून बुकिंग केलं आहे, तेही भिंतीवरच्या चित्रांचे फोटो बघून. आता भिंतीवर नुसते खिळे आहेत.

मी लग्न ठरताना 'श्रावण पाळीन' असं कबूल केलं होतं. त्यात चित्रं धरायची की नाहीत, हे विचारायचं राहिलं. चूक माझीच आहे का? केतनला विचारलं तर तो म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा, मला कंपनीची बस पकडायची आहे.

फोन करू नकोस. इथं तुझा फोन आला की सासूबाई कौतुकानं स्पीकरवर टाकायला लावतात.

तुझी,
भाविका

*

भिवपुरी,
३० जुलै

चि. भाविका,

तुझी दुरुस्ती वाचली. पुढच्या वेळी रडून झाल्यावर लिहीत जा, शाई कमी पसरते.

चूक कुणाची ते मला विचारू नकोस. तुझ्यासारखं माणूस चुकीचा मालक शोधत बसतं आणि तोवर हरेश जिन्यातून टायर घरंगळत आणतो. भांडू तर मुळीच नकोस. सासूशी भांडून जिंकलेली सून मी अजून पाहिली नाही. जिंकलेली दिसते ती सासूला न्यायाधीश करणारी.

म्हणून असं कर. चित्रं खाली मागू नकोस. भोळं तोंड कर, ते तुला जन्मतः आहेच, आणि विचार: "आई, यातलं मांसाहारी कोणतं आणि शाकाहारी कोणतं, मला कळत नाही. तुम्ही निवडून द्या." जी बाई तांदळातला खडा निवडते ती समुद्र निवडायला नाही म्हणायची नाही. सुरुवात शंखापासून कर. शंख तुमच्या देव्हाऱ्यात आहे. त्याच्या मागोमाग कासव सरकव. प्रत्येक देवळात आपण त्याला ओलांडून आत जातो, त्याला माळ्यावर कोण ठेवेल? एकदा निवड सुरू झाली की माणसाला दयाळू व्हायची हौस येते.

शेवंडीचं मात्र मी काही सांगू शकत नाही. ती फारच चवदार दिसते.

पाहुण्यांची काळजी सोड. ठाण्याची माणसं दमलेली असतात. त्यांना गादी आणि भाकरी मिळाली की भिंत कोण बघतो?

माझ्या गुडघ्याचं विचारलं नाहीस. बरा आहे. गेल्याच आठवड्यात ठाण्याला जाऊन आले.

चंद्रभागा आत्या

*

चौक,
रविवार, ३ ऑगस्ट

ती. आत्या,

गुडघ्याचं विचारायचं राहिलं, माफ कर. इतक्या लांब गेलीस म्हणजे बराच असणार.

काल निवाडा झाला. तू सांगितलंस तसंच विचारलं. भोळं तोंड करायला गेले आणि आपोआप झालं. सासूबाई आधी म्हणाल्या, "निवडायचं काय त्यात?" आणि मग स्वतःच शिडी लावली.

बैठक खालच्या खोलीत. सासूबाई पाटावर, चित्रं भिंतीला टेकवून ओळीनं, बाबा खुर्चीत पेपर उघडून. पेपर त्यांनी एकदाही उलटला नाही. तेवढ्यात हरेश मोजपट्टी घेऊन आला. जिन्याची रुंदी मोजायची होती त्याला. म्हणाला, "काकू, मासळीबाजार मांडलाय का काय?" आणि मोजायचं सोडून तिथंच फतकल मारली.

शंख पहिला. सासूबाईंनी चष्मा लावला. "हा चालंल... थांब. देव्हाऱ्यातला शंख रिकामा हाय. ह्याच्यात भाडेकरू हाय." खरंच, चित्रात शंखातून तो प्राणी अर्धा बाहेर आलेला आहे. शेवटी काचेवर भाडेकरूपुरता कागद चिकटवायचा, असं ठरलं. कासवाला त्यांनी आधी हात जोडले आणि मग विचार केला. पोवळ्यावर वादच नव्हता, ते अंगठीत घालतात. समुद्रघोड्याला "घोडा कोन खातंय?" म्हणून सोडलं.

मग तारामासा. हरेश म्हणाला, "काकू, नावातच मासा हाय."

"तुझ्या नावात हरी हाय, म्हणून तुला ओवाळू का रं?"

तिथून हरेश पेटला. त्यानं मोबाइल काढला आणि प्रत्येक प्राणी जगात कुठं ना कुठं कोण खातं, ते शोधून वाचायला लागला. मी पाहिलं, आत्या, तो खोटं बोलत नव्हता. मलाही ते शेजारी बसून वाचावं लागलं. जेलीफिश चीनमध्ये खातात.

"ह्याला?" सासूबाईंनी चित्र उचलून उजेडात धरलं. "ही तर साबुदाण्याची खीर दिसतेय. उपासाला चालंल."

"पण खातात, काकू!"

"आपल्यात खातात का ते सांग. त्येंचा श्रावण त्यांनी बघावा."

हा नियम एकदा ठरल्यावर निवाडा भराभर झाला. आपल्यात खातात ते माळ्यावर, खात नाहीत ते भिंतीवर. ऑक्टोपसवर मात्र हरेश अडून बसला. त्याच्या ओळखीच्या एकानं पनवेलच्या हॉटेलात खाल्लाय म्हणे. सासूबाईंनी बाबांना विचारलं, "अवं, तुमी सांगा. ह्ये खाण्यातलं हाय का?"

बाबांनी पेपर जरासा खाली केला. ऑक्टोपसकडे बघितलं, शेवंडीकडे बघितलं, बांगड्यांकडे बघितलं. बांगड्यांवर त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग पेपर पुन्हा वर गेला आणि आतून आवाज आला, "मला कशाला विचारता? मी पेपर वाचतोय."

मला वाटतं त्यांना या सगळ्या प्रकाराची किळस आली आहे. रात्री जेवायलाही ते भिंतीकडे पाठ करून बसले.

ऑक्टोपस सुटला. सासूबाई म्हणाल्या, एवढे हात असलेल्या जिवाला आपण होऊन वर कोंडायला नको. चिंबोरी, शेवंड आणि बांगडे यांची सुटका नाही. "बांगड्याचे पट्टे जरा जास्त हायत," एवढं म्हणाल्या आणि लुगड्यात गुंडाळताना तो पुन्हा उघडून बघितला.

म्हणजे दहापैकी सात चित्रं भिंतीवर आली. तुझी युक्ती लागू पडली. पण जिन्याच्या तोंडाशी, जिथं शेवंड होती, तिथं मोठा चौकोन पांढरा राहिला आहे आणि बुकिंगच्या फोटोत नेमकी तीच आहे. दाखवलं एक आणि दिलं एक, असं होत नाही का हे?

तुझी,
भाविका

*

भिवपुरी,
६ ऑगस्ट

चि. भाविका,

साबुदाण्याची खीर वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारची धोंडूबाई खिडकीतून बघून गेली. तुझी सासू मला आवडायला लागली आहे. लग्नात तिनं मानाच्या साडीवरून नाक मुरडलं होतं, ते मी माफ केलं असं समज. तिला सांगू नकोस.

तुझ्या सासऱ्याला किळस आली आहे, असं मला वाटत नाही. किळस आलेला माणूस बराच वेळ बघत नाही. पण तू अजून लहान आहेस.

आता त्या पांढऱ्या चौकोनाचं. तिथं आरसा लाव आणि विषय संपव. शेवंड नाही म्हणून एवढा लांबलचक माफीनामा लिहायची काही गरज नव्हती. आणि वर 'हवं तर बुकिंग रद्द करा, मला वाईट वाटणार नाही'? अगं, वाईट वाटणार नाही तर मग रडत होतीस कशाला? बाई शेवंड बघायला येत नाहीये, झोपायला येतेय. दुकान उघडायच्या आधीच गिऱ्हाइकाला घरी पाठवणारी तू पहिलीच.

पंधरा तारखेला जेवायला काय करणार आहेस? अळूच्या वड्या कर. माणसं त्या विसरत नाहीत.

चंद्रभागा आत्या

*

चौक,
रविवार, १० ऑगस्ट

ती. आत्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग माझं तीन तारखेचं पत्र आठवून बघितलं. त्यात माफीनाम्याबद्दल एक अक्षर नव्हतं. असूच शकत नव्हतं. तो मी चार तारखेला, सोमवारी, मोबाइलवरून ठाण्याच्या बाईंना पाठवला आणि इथं कुणालाही सांगितला नाही. 'वाईट वाटणार नाही' हे शब्द माझे आहेत, जसेच्या तसे. ते तुझ्यापर्यंत भिवपुरीला चालत आले नसतील.

मग मी त्या बाईंनाच विचारलं, "तुम्ही चंद्रभागा आत्यांना ओळखता का?" आधी हसणारी तोंडं आली, एकामागोमाग एक. मग लिहिलं होतं, "आत्यांनी सांगितलं होतं की तू पकडशील. मी भाग्यश्री. भिवपुरीला क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा त्यांच्या शिकवणीला जायचे." तू ठाण्याला कशाला गेली होतीस, तेही कळलं.

तू म्हणशील, भाग्यश्री तुझ्या ओळखीची आहे, माझ्या नाही, म्हणजे ती अनोळखीच. हे उत्तर मी तुझ्यासाठी आधीच लिहून ठेवते. ते खूप छान आहे आणि ते चालणार नाही. बाबांची अट होती, ती मोडली आहे. मजला मिळाला तरी तो खोटेपणानं मिळालेला असेल आणि मला प्रत्येक खिळ्याकडे बघताना ते आठवेल. म्हणून काल दुपारी मी बाबांना सगळं सांगायचं ठरवलं. आधी सासूबाईंच्या कानावर घालावं म्हणून त्यांना शोधत गेले.

त्या स्वयंपाकघरात शिडीच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या, पाय लोंबकळत सोडून. मांडीवर लुगडं उघडं आणि त्यावर शेवंड. बोटानं तिची मिशी धरून धरून चालल्या होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मला बघून दचकल्या नाहीत. "किती निगुतीनं काढलीय गं," म्हणाल्या. "माझ्या बापाच्या हाती एकदा अशी आली व्हती. लगीन व्हायच्या आदी. अलिबागच्या पाहुण्यांनी पाठवलेली."

मी म्हटलं, "आई, श्रावणात बघितलं तर चालतं?"

"बघितल्यानं काय मोडत नाय."

"मग खाली का आणायची नाहीत?"

त्यांनी शेवंडीवर लुगडं ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "ह्येंच्या म्होरं नको."

आत्या, तुझं बरोबर होतं आणि माझं चूक. ही दुरुस्ती समज. बाबांना किळस आलेली नाही, त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. ते पाठ करून जेवतात ते स्वतःला सांभाळायला. दरवर्षी श्रावण मध्यावर आला की ते 'स्कूटरच्या चाकात हवा भरून येतो' म्हणून जातात आणि बडीशेप चघळत येतात. हरेशच्या गॅरेजशेजारी धाबा आहे. हरेश ताट मागवतो, बाबा खातात. घरात कुणाला माहीत नाही, असं बाबांना वाटतं. सासूबाईंना पहिल्या वर्षापासून माहीत आहे. "बडीशेप खाऊन येणारा मानूस पिठलं खाऊन आलेला नसतोय," म्हणाल्या. वरच्या मजल्यावर टायर ठेवायचा शब्दही बाबांनी तिथंच दिला, मागच्या श्रावणात, सुरमईच्या तुकडीवर.

मी म्हटलं, मग इतकी वर्षं चालू दिलंत, यंदाच काय झालं?

तेव्हा त्यांनी सांगितलं. केतनची दोन स्थळं मोडली होती. तेव्हा त्यांनी देवाला बोलून ठेवलं होतं, चांगली सून मिळाली तर आम्ही दोघं नवराबायको एक श्रावण अख्खा पाळू. एक कण चुकणार नाही. "ह्येंनी बी मान हलवली व्हती. मान हलवायला काय लागतंय!" तो श्रावण हा आहे. सून मी आहे. आणि मी काय केलं, तर जिन्याच्या तोंडाशी शेवंड टांगली.

मला रडूही येईना आणि हसूही. मी शिडी धरून उभी राहिले, तेवढंच मला जमतं.

नारळी पौर्णिमा शुक्रवारी झाली. त्या दिवसापासून बाबांची चुळबुळ वाढली आहे. जेवताना म्हणाले, "कोळी दर्यात उतरलं. आता आपलं काय राहिलंय?"

"तुमी कोळी हाय का?" सासूबाईंनी विचारलं. "भात लावताय ना? मग भात खा."

आज सकाळी हरेश आला होता. मी आत चहा गाळत होते. ओसरीवर तो हळू आवाजात म्हणाला, "काका, बुधवारी या गॅरेजला. टायरचं फायनल करून टाकू. बोंबील ताजे येणार हायत." बाबा म्हणाले, "हळू बोल की रं."

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी गेले तर भांडण व्हईल, आन् ते ऐकायला सगळा चौक जमंल. केतनला सांगावं तर तो बापाच्या शेजारी बसून दोन तुकड्या खाईल." मग माझ्याकडे बघितलं. मागितलं काही नाही.

म्हणून मी जाणार आहे. आजवर मी एकटी धाब्यात पाऊल टाकलेलं नाही. पण ताट यायच्या आधी पोचायचं आणि बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसायचं, एवढं ठरवलं आहे. तिघांसाठी पिठलं-भाकरी सांगणार. हरेशलाही. मग आधी माझं खोटं सांगणार, की पाहुणी आत्यांच्या शिकवणीची आहे, अट मोडली आहे, म्हणून पंधरा तारखेची परीक्षा धरू नका. मजला टायरांना द्यायचा तर द्या, पण भाकरी खाऊन, शुद्धीवर, माझ्याकडे बघून द्या. बडीशेपेचं मी काही बोलणार नाही. ती त्यांनी मागितलीच तर मी स्वतः उठून आणून देईन, आणि त्यांना जे कळायचं ते कळेल.

हा लबाडपणा आहे का, हे मला ठरवता येत नाही. सगळं खरंच बोलणार आहे, फक्त जागा तेवढी निवडली आहे. तुझ्याकडूनच आलं असावं.

मजला गेला तर भाग्यश्रीताईंना माझ्याकडून सांग की त्यांनी तरीही यावं. खालच्या खोलीत गादी घालीन. अळूची पानं परसात भरपूर आहेत.

तू मध्ये पडू नकोस आणि ठाण्यालाही कुणाला धाडू नकोस. तुला पडता येऊच नये म्हणून हे पत्र मी उद्या न टाकता परवा, मंगळवारी संध्याकाळची पेटी उघडून गेल्यावर टाकणार आहे. म्हणजे ते तुझ्या हातात पडेल तेव्हा तुझ्या सल्ल्याचा उपयोग उरलेला नसेल. मी धाब्यावर जाणार बुधवारी, १३ ऑगस्टला.

तुझी,
भाविका